बंदुकीचा कायदा आणि पहिले शील

ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराजवळच्या वाट प्रॉमकुनाराम या थाई बौद्ध विहारात नऊ जणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यात सहा भिक्खू होते. या गुन्ह्यात दोषी ठरलेले दोघे तेव्हा अवघे १७ आणि १६ वर्षांचे होते. आले होते लुटायला. पण हातात रायफल आणि शॉटगन होती.

अशा सामूहिक गोळीबाराची बातमी आली की आपल्या तरुणांच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते : "हिंसा मनात असते, मन शुद्ध झाल्याशिवाय कायदा काय करणार?" वाक्य धम्माच्या भाषेत आहे, म्हणून पटतेही. आम्हाला मात्र ते अर्धेच खरे वाटते. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी काही देशांचा अनुभव पाहू.

अमेरिका : कायद्यातल्या फटी

अमेरिकेत नागरिकांकडच्या बंदुकांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. पण खासगी विक्रेत्यावर केंद्रीय कायद्याने तसे बंधन नाही. काही राज्यांनी ते घातले, अनेकांनी घातलेले नाही.

१९९४ मध्ये ठरावीक अर्धस्वयंचलित बंदुकांवर आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आली. तिची मुदत दहा वर्षांची होती. २००४ मध्ये ती संपली आणि पुढे वाढवली गेली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. त्यानंतर पार्श्वभूमी तपासणीची व्याप्ती वाढवणाऱ्या प्रस्तावाला सिनेटमध्ये ५४ मते मिळाली. लागत होती ६०. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोराने १८ वर्षे पूर्ण होताच दोन रायफली दुकानातून रीतसर विकत घेतल्या होत्या. त्यानंतर महिनाभरात २१ वर्षांखालील ग्राहकांची तपासणी कडक करणारा कायदा आला, पण विक्रीचे वय तेच राहिले.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड

२८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना ठार केले. अवघ्या बारा दिवसांत केंद्र आणि राज्ये यांचे एकमत झाले. अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक बंदी आली, नोंदणी सक्तीची झाली, आणि बंदूक कशासाठी हवी याचे सबळ कारण देणे बंधनकारक झाले. स्वसंरक्षण हे कारण धरले जात नाही. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या आणि नष्ट केल्या. पुढच्या वीस वर्षांत त्या देशात पोर्ट आर्थरसारखी दुसरी घटना घडली नाही.

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली. हल्लेखोराकडे परवाना होता. महिना उलटायच्या आत संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर ११९ विरुद्ध १ मताने बंदी घातली.

कायदा केला की काम संपले, असेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यूंच्या उत्सवात १५ जण मारले गेले. हल्लेखोरांपैकी एकाकडे परवान्याच्या बंदुका होत्या. त्यामुळे तिथे परवान्याचे नियम पुन्हा तपासण्याची वेळ आली.

बौद्ध देशही सुटलेला नाही

थायलंडमध्ये गावोगावी विहार आहेत, भिक्खुसंघाला मान आहे. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये नाखोन राचासिमा येथे एका सैनिकाने लष्करी तळावरून शस्त्रे पळवून २९ जणांना ठार केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये नोंग बुआ लाम्फू प्रांतात एका बडतर्फ पोलिसाने पाळणाघरात शिरून बंदूक आणि चाकूने हल्ला केला. त्या दिवशी ३६ जण मारले गेले. त्यात बहुतांश लहान मुले होती. शीलाची शिकवण समाजात असली, तरी शस्त्रावरच्या पहाऱ्याची गरज संपत नाही.

धम्म काय सांगतो?

पहिले शील प्राणघातापासून दूर राहण्याचे आहे. पण तथागत तिथेच थांबले नाहीत. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत. त्यांत पहिला शस्त्रांचा. म्हणजे मारणाऱ्या हाताइतकाच शस्त्र पुरवणारा हातही धम्माच्या नजरेत आहे. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने बंदूक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. सम्यक आजीविकेच्या हे थेट विरुद्ध आहे. अंगुलिमालाची कथाही नीट वाचावी. त्याने आधी तलवार फेकली, मग प्रव्रज्या मागितली.

आणि बाबासाहेबांचा मार्ग तर आपल्यासमोरच आहे. अस्पृश्यताही मनातच होती. पण सवर्णांची मने बदलेपर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले नाही. संविधानाच्या कलम १७ ने ती नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरवले. मन बदलण्याचे काम धम्माचे; ते बदलेपर्यंत माणसाला जिवंत ठेवण्याचे काम कायद्याचे.

आपल्यासाठी

हा विषय परदेशाचा म्हणून सोडता येणार नाही. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांना गोळ्या घातल्या. त्यांत स्त्रिया आणि मुले होती. २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयात सर्व आरोपी निर्दोष सुटले. जमीनदारांच्या खासगी सेनेच्या हाती बंदूक गेली की पहिली गोळी कोणाला लागते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुकांची मर्यादा घातली. ही चौकट सैल होऊ न देणे आणि तिची अंमलबजावणी मागणे हे आपले काम आहे.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या बांधवांना आमची विनंती आहे की तिथल्या विहारांनी बंदूक नियंत्रणाच्या मागणीला उघड पाठिंबा द्यावा. दर उपोसथाला आपण पहिले शील घेतो. ते पाळले जाईल असा कायदा मागणे हाही त्या शीलाचाच भाग आहे.