आजीचे नाव कोणत्या वहीत?

गेल्या हिवाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी लंडनहून आली. सोबत तिची इंग्रज मैत्रीण. या बाईंचे खापरपणजोबा कामठीच्या छावणीत शिपाई होते, लग्नही कामठीतच झालेले, आणि त्या नोंदीची प्रत बाईंच्या पिशवीत! इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, पण असा कागद प्रथमच हातात घेतला.

सीताबर्डीची लढाई १८१७ ची. पुढे १८२१ साली कन्हानकाठी कामठीची छावणी वसली आणि तिथे मद्रासची फौज राहिली. त्यामुळे गंमत अशी, की कामठीतल्या गोऱ्यांची लग्ने शोधायची ती मद्रास इलाख्याच्या दप्तरात. पाद्री नोंद करी, तिची नक्कल मद्रासला जाई, तिथून लंडनला. आज ते सारे ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि २०१४ पासून बरेचसे इंटरनेटवरही (पैसे मोजून अर्थात).

विलायतेत ही शिस्त जुनी. १७५३ च्या कायद्याने वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या सक्तीच्या झाल्या. लिहिता न येणारी फुली मारीत. १८३७ पासून सरकारी नोंद सुरू झाली, तेव्हा दोघांच्या वडिलांचे नाव आणि धंदाही त्यात आला. बाईंच्या कागदावर वधूचे माहेरचे नाव स्वच्छ वाचता येत होते.

त्यांनी सहज विचारले, "आणि तुमच्या आजीचे?"

मी गप्प. आमच्या घरी नऊ पिढ्यांची वंशावळ आहे, सगळी पुरुषांची. आजीच्या माहेरचे आडनाव ठाऊक आहे, पण तिचे स्वतःचे नाव? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्या दिवशी जुने संपले. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आजोबांची सही आहे, आजी नाही. सरकारी नोंदीचा तर प्रश्नच नव्हता. आमच्याच लग्नाची नोंद आम्ही मुलाकडे परदेशी जायचे ठरल्यावर, पासपोर्टपायी केली! सांगू शकली असती अशी शेवटची आत्या दहा वर्षांपूर्वी गेली. तिला विचारायचे मला कधी सुचलेच नाही.

बाई गेल्यावर मी जरा वाचले. इंग्लंडच्या विवाहाच्या दाखल्यावर आईचे नाव नव्हतेच, ते आले मे २०२१ मध्ये! स्कॉटलंडने मात्र (म्हणजे आपल्या हिस्लॉपसाहेबांच्या देशाने) १८५५ पासूनच आईचे नाव, तेही माहेरच्या आडनावासह, लिहून घेतले. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे झाले आहे. असो.

परवा माळ्यावरचा पितळी गुंड काढला. आजीच्या लग्नातला. काठावर कोरलेली अक्षरे चिंच-राखेने घासून गेलेली. भिंगातून "आर्वी" आणि "शके १८३७", म्हणजे १९१५, एवढे लागले. मधल्या नावातला एक वेलांटीचा तुकडा उरला आहे. नातेवाईक मंडळींनो, वाटणीत गेलेली आजीची भांडी तुमच्यापैकी कोणाकडे असतील तर काठ नीट पाहा, आणि कृपा करून मोडीत घालू नका.