मुंबईच्या गोदीतील वाकस

मुंबईचे नाव निघाले की परप्रांतातील आम्हां मराठी मंडळींना गिरण्यांचे भोंगे आठवतात. परंतु पहिली कापडगिरणी स्थापन झाली ती १८५४ साली. त्यापूर्वी शतकभर या शहराच्या गोदीत जहाजे बांधणारे हात राबत होते.

सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने ही गोदी नावारूपास आणली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओकचे लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा आरमाराची दृष्टी मलबारच्या सागाकडे वळली. ओकमधील आम्ल लोखंडी खिळा खाऊन टाकते. सागातील तेल त्यास जपते. हा साग करवतीने कापावयाचा, वाकसाने तासावयाचा, सामत्याने त्यास भोके पाडावयाची. सारे काम हातांचे.

जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१० साली ७४ तोफांचे 'मिंडेन' आणि १८१७ साली 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरले. या दुसऱ्या जहाजाचे नकाशे घेऊन निघालेले 'जावा' १८१२ साली अमेरिकनांशी लढताना नष्ट झाले आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. सरकारी कागदांचे नशीब आम्ही ओळखून आहोत!

वाडियांना कंपनीने चांदीची मोजपट्टी बहाल केली. तो मान योग्यच होता. परंतु फळीला फळी बिनफटीची बसविणाऱ्या सुतारांची नावे इतिहासाने फारशी टिपली नाहीत. 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे, आणि दुरुस्तीनंतरही त्यातील बरेचसे लाकूड मुंबईत तासलेलेच आहे.