प्रेरणा : पदकाची आणि मनाची

ज्युदो, कराटे किंवा तायक्वांदोच्या वर्गात उत्साहाने दाखल झालेली अनेक मुले दोन-चार पट्टे मिळवून येणे बंद करतात. अंगी कौशल्य येऊ लागलेले असते, पण मन रमत नाही. असे का होते, याचे उत्तर क्रीडा मानसशास्त्र प्रेरणेच्या स्वरूपात शोधते.

प्रेरणेचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. डाव साधल्याचा, शरीर मनाप्रमाणे वळल्याचा आनंद ही अंतःप्रेरणा. तर पदक, प्रमाणपत्र, परीक्षेतील क्रीडागुण किंवा शिक्षेची भीती ही बाह्य प्रेरणा होय.

बक्षिसाने उत्साह वाढतोच, असे नाही. मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना बक्षीस आधीच कबूल करण्यात आले. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून राहिली.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते, अंतःप्रेरणा टिकण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात : स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपलेपणा. तालमीतील परंपरेत यांपैकी दोन गोष्टी सहज आढळतात. रोजच्या जोर-बैठकांतून आपली वाढती ताकद मल्लाला स्वतःलाच कळते आणि वस्ताद व जोडीदारांमुळे तालीम आपली वाटते. स्वायत्तता मात्र प्रशिक्षकाला जाणीवपूर्वक द्यावी लागते. कोणत्या डावाचा सराव करायचा, हे अधूनमधून खेळाडूला ठरवू देणे हा त्याचा सोपा मार्ग.

याचा अर्थ पट्टे वा पदके निरुपयोगी आहेत, असा नव्हे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकानची स्थापना करून ज्युदोला श्रेणीपद्धती दिली. रंगीत पट्ट्यांची पद्धत पुढे युरोपात रुजली. पट्टा प्रगतीची खूण म्हणून मिळाला, तर सक्षमतेची जाणीव वाढते. तोच आमिष किंवा धाक बनला, तर खेळ ओझे वाटू लागतो.

म्हणूनच घरी परतलेल्या मुलाला पालकांनी ‘जिंकलास का?’ असे विचारण्याआधी ‘आज नवीन काय जमले?’ असे विचारणे अधिक हिताचे ठरते.