नाव न घेता

माळशिरसला माझ्या आजीच्या घरी दिवेलागणीला जे बोलणं व्हायचं, ते लिहून काढलं तर पाव कागदही भरत नाही.

"आलं व्हय?"

"हं."

"टाकू?"

"टाक. पाणी सुटलंय."

आजोबा रानातून आले, आता तव्यावर भाकरी टाकायची, नीरा उजव्या कालव्याची आपली पाळी लागली, तेव्हा जेवून लगेच पुन्हा उसात जायचं, एवढं सगळं त्यात होतं. "कंदील पूस" असं आजोबांनी कधी सांगितलं नाही. भाकरी परतता परतता आजी माझ्या आईला कंदिलाकडे बोट दाखवायची.

हे तुटक बोलणं आळसातून आलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, या समजुतीत आजीची पिढी वाढली. सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नावही जिभेवर येऊ द्यायचं नाही. आजीच्या सासऱ्यांचं नाव हरिबा, म्हणून ती हरभऱ्यालाही 'घाटं' म्हणायची. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा समाजातल्या सुना तर सासऱ्याच्या नावातली अक्षरं ज्या ज्या शब्दात येतील तो शब्दच टाळत, दुसरा वापरत. या रिवाजाला तिकडे 'ह्लोनिफा' म्हणतात.

नाव गाळलं तरी नवऱ्याशी बोलायचं कसं? 'तू' म्हणता येत नाही, चारचौघांत 'तुम्ही' म्हणायलाही नव्या सुनेला लाज. इथं मराठीनं बायकांना मोठा आधार दिला. "जेवायचं नव्हं?", "तालुक्याला जाणं व्हनार हाय का?" या वाक्यांत माणूसच नाही, नुसती क्रिया आहे. शहरी, पांढरपेशा घरांतलं "इकडून येणं कधी झालं?" हेही त्याच घडणीचं. पण असं अर्धं वाक्य समोरच्यानं ओळखून पुरं केलं तरच ते चालतं. आजोबा ते करायचे. आजीच्या आवाजाची पट्टी ऐकून, विचारणं पोराला आहे, सुनेला आहे की आपल्याला, हे त्यांना नेमकं कळायचं. मला त्या दोघांच्या संसारातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं. ते सतत एकमेकांकडे कान लावून असत.

छापील पुस्तकांतही या रिवाजाची खूण राहिली आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली निघाल्या, त्यात नवऱ्याचा, न्यायमूर्ती रानड्यांचा, उल्लेख 'स्वतः' असा येतो. पुढच्या पंचवीसेक वर्षांत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली, तिथं नवरा सरळ 'टिळक' झाला. नुसतं आडनाव, पण केवढं धाडस! आमच्या भागात मात्र 'मालक', 'कारभारी', 'पोरांचं बा' हेच चालू राहिलं. जात्यावरच्या ओवीत भावाचं नाव मोकळ्या गळ्यानं यायचं आणि नवरा 'हौशा' नाहीतर 'चुड्याचा धनी' म्हणून.

गाळलेलं नाव सरकारी कागदावर मात्र अडायचं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान या बाजूच्या. त्यांनी तर स्वतःचंच नाव गाळलं होतं. आमच्या आजीला रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की मागची बाई सांगायची. कुणी कुणाला विनवावं लागत नसे. पुढचीचा नंबर आला की मागची तयारच असायची. या मदतीत माया होती हे खरं, पण भीतीही होती, आणि ती भीती माझ्या आईपासून कमी होत गेली याचा मला आनंद आहे.

नाव घ्यायची मुभा लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला, तीही उखाण्यात गुंफून. पण आजीला खरी मोकळीक मिळायची ती आषाढात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करत पुढं जाते. सदाशिवनगरचं रिंगण आटोपून ती गावात शिरली की सगळे एकमेकांचे 'माउली'. "माउली, पाणी", "माउली, सरा". नाव, जात, नातं काहीच लागत नाही. आजी वाढपाला उभी राहिली की पंगतीतल्या आजोबांनाही मोठ्यानं, सगळ्यांदेखत, "माउली, आमटी?" असं विचारायची, आणि आजोबा म्हणायचे, "घाला माउली." एरवी ते तिला 'अगं' म्हणत. तिचं माहेरचं नाव लग्नात बदललेलं, पण ते नवं नावही त्यांनी कधी घेतलं नव्हतं. पालखी वेळापूरकडे निघेपर्यंत मात्र दोघांचं संबोधन एकच होतं.