लँकेस्टरचे क्विल्ट : रस्ता, कापड आणि जुना बाजार

अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्या स्त्रिया मैत्रिणींसह मोटारीने किंवा भाड्याच्या बसने कापड आणि जुन्या वस्तू खरेदी करायला जातात, तेव्हा ज्या ठिकाणांकडे त्यांची पावले हमखास वळतात त्यांत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या आग्नेय भागातील लँकेस्टर परगण्याचे स्थान फार वरचे आहे. क्विल्ट आपल्या गोधडीच्या जातीचाच असला, तरी दोहोंच्या घडणीत भेद आहे. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून त्यांवर धावदोरा घालतात, तर क्विल्टमध्ये तुकडे जोडून केलेला वरचा भाग, मधला कापसाचा किंवा लोकरीचा भराव आणि खालचे अस्तर असे तीन निरनिराळे थर टाक्यांनी एकत्र बांधलेले असतात. लँकेस्टरचा क्विल्ट म्हणजे जगापासून दूर राहिलेल्या शेतकरी समाजाची फार प्राचीन कला, अशी समजूत रूढ आहे. परंतु त्याचा इतिहास तपासला असता तो बऱ्याच अंशी रस्त्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांचा इतिहास ठरतो.

हा परगणा एकाकी कधीच नव्हता. फिलाडेल्फिया ते लँकेस्टर हा सुमारे 62 मैलांचा, खडी घातलेला पथकराचा रस्ता 1795 च्या सुमारास पूर्ण झाला आणि तो अमेरिकेतील लांब पल्ल्याचा पहिला पक्का रस्ता मानला जातो. त्यामुळे बंदरात उतरणारे कापड, सुया आणि रंग येथील खेड्यांतील दुकानांत पोहोचणे सोपे झाले. येथे अठराव्या शतकापासून वसलेले अमिश लोक, म्हणजे जाणत्या वयातच बाप्तिस्मा घ्यावा असे मानणाऱ्या आणि राहणीत साधेपणा कसोशीने पाळणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे अनुयायी, मूळचे स्वित्झर्लंड आणि ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातले होत. तिकडून येताना त्यांनी क्विल्टची विद्या आणलेली नव्हती. त्यांची पांघरुणे जर्मन पद्धतीची, पिसे भरलेली असत. इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून त्यांनी क्विल्टचे काम उचलले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे शेजाऱ्यांच्या घरी ते कित्येक पिढ्या रुळल्यानंतर.

उचललेल्या या कामाला त्यांनी दिलेले वळण मात्र सर्वस्वी त्यांचे होते. छापील फुलांचे कापड वर्ज्य असल्याने वरचा भाग एकरंगी तलम लोकरी कापडाचा असे आणि त्यात गडद जांभळा, किरमिजी, निळा, हिरवा असे रंग शेजारी शेजारी येत. रचनाही मोजक्या : मधोमध टोकावर उभा केलेला मोठा चौकोन, उभे पट्टे, किंवा रंगछटांच्या ओळींनी मांडलेले लहान चौकोन. तुकडे पायाने चालवायच्या यंत्रावर जोडीत. रुंद किनारीवर पिसे, द्राक्षे, गुलाब यांची बारीक नक्षी मात्र हाताच्या टाक्यांनीच उमटवीत, आणि तीही गडद दोऱ्याने, त्यामुळे ती जवळ गेल्याशिवाय दिसत नसे. इतके मोठे एकरंगी तुकडे चिंध्यांतून निघत नाहीत. त्यांसाठी दुकानातून कापड घ्यावे लागते. टाकाऊतून टिकाऊ ही क्विल्टविषयीची आवडती कथा येथे तरी फारशी लागू पडत नाही.

या पांघरुणांचे मोल बदलले ते 1971 मध्ये. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोन संग्राहकांनी गावोगाव फिरून जमविलेले क्विल्ट त्या वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात पांढऱ्या भिंतींवर चित्रांसारखे टांगले गेले आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकलेची पूर्वखूण दिसली. त्यानंतर व्यापारी आणि त्यांचे दलाल शेतघरांची दारे ठोठावू लागले, आणि एरवी थोडक्या डॉलरांत हाती येणाऱ्या जुन्या क्विल्टची किंमत पुढील दशकात हजारोंच्या घरात गेली. डग टॉम्पकिन्स यांच्या एस्प्रिट या वस्त्र कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोतील मुख्यालयात अशा अमिश क्विल्टचा मोठा संग्रह उभा राहिला. त्यांतील 82 क्विल्ट 2002 मध्ये लँकेस्टरच्या एका वारसा संस्थेने विकत घेऊन परत आणले; ज्या परगण्यातून ते थोडक्या पैशांत गेले, त्याच परगण्याला ते मोठी किंमत मोजून परत घ्यावे लागले.

जुना माल संपत आला तसा नव्याचा धंदा वाढला. शेतजमीन महागल्याने अमिश कुटुंबांना जोडधंद्याची गरज होतीच, आणि अमिश समाजात घडणाऱ्या 1985 च्या ‘विटनेस’ या चित्रपटानंतर पर्यटकांचा ओघ आणखी वाढला. नवा क्विल्ट पाहुण्यांच्या मोठ्या पलंगाच्या मापाचा, फिक्या रंगांचा आणि बहुधा छापील सुती कापडाचा झाला. दुकानदारीण मागणी घेई, एक बाई कापड कापी, दुसरी जोडी, तिसरी नक्षी आखी आणि चौथी टाके घाली; टाक्यांची मजुरी बहुधा वापरलेल्या दोऱ्याच्या यार्डांवर ठरे. 1975 नंतर लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासित स्त्रिया कापडावर कापड शिवण्याच्या कामात, म्हणजे ॲप्लिकमध्ये, विलक्षण तरबेज होत्या. 1980 च्या दशकापासून लँकेस्टरच्या दुकानांतील कितीतरी क्विल्ट त्यांच्या हातचे असत, तरी घेणारी त्यांना अमिशच समजे.

आजच्या खरेदीच्या फेरीतही या घडामोडींच्या खुणा दिसतात. बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स या गावांवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगतच्या कापड दुकानांत एका बाजूला अमिश पोशाखांसाठी एकरंगी कापड, तर दुसऱ्या बाजूला बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी छापील सुती ठाणे रचलेली असतात. यार्डाचा चौथा भाग ठाणावरून सरळ कापला, तर 9 इंचांची लांबलचक पट्टी हाती येते आणि तिच्यातून मोठा चौकोन निघत नाही. म्हणून अर्ध्या यार्डाचे मधोमध दोन भाग करून 18 बाय सुमारे 22 इंचांचे जे तुकडे विकतात त्यांना ‘फॅट क्वार्टर’ म्हणतात. अमिशांची दुकाने रविवारी बंद असतात. जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तरेकडच्या ॲडम्सटाउनचा मोठा बाजार मात्र नेमका रविवारी भरतो, त्यामुळे शनिवारी कापड आणि रविवारी पुराणवस्तू असा क्रम सोयीचा पडतो. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग 1950 मध्ये पूर्वेकडे वाढविण्यात आल्याने ॲडम्सटाउन हमरस्त्याच्या जवळ आले, आणि 1960 च्या दशकात तेथे विक्रेत्यांनी बस्तान बसविले. याशिवाय हिवाळा सरताना गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांसाठी ‘मड सेल’ नावाचे लिलाव होतात. त्यांचे नाव बर्फ वितळून झालेल्या चिखलावरून पडले आहे, आणि त्यांत गावातल्या बायकांनी शिवलेले क्विल्टही विकले जातात.

बाजाराने लँकेस्टरची कला बिघडविली, हा आरोप टिकत नाही; कारण विकतच्या लोकरीपासून आणि शिवणयंत्रापासून ती बाजारात गुंतलेलीच होती, आणि येथील सर्वांत जुन्या अमिश क्विल्टचे वयही सुमारे दीडशे वर्षांहून अधिक नाही. दोष द्यायचाच तर तो चिठ्ठीवर केवळ अमिश हा शब्द लिहून टाके घालणारीचे नाव गाळणाऱ्या विक्रीपद्धतीला द्यावा लागेल. क्विल्ट विकत घेणारीने किंमत विचारण्याआधी तो कोणी शिवला हे विचारावे; ही एक सवय लागली, तरी या धंद्याचा पुढचा इतिहास अधिक प्रामाणिकपणे लिहिता येईल.