कृत्याचा तपास आणि शब्दांचा तपास

२५ ऑक्टोबर २०२३ रोजी चेन्नईतील गिंडी येथे राजभवनाच्या प्रवेशद्वाराजवळ पेट्रोल बॉम्ब फेकण्यात आला. फेकणारा जागीच पकडला गेला. कोणी जखमी झाले नाही. कृत्याच्या दृष्टीने पाहता प्रकरणाचा मुख्य भाग काही मिनिटांतच आटोपला होता. पण त्यावर कोण काय बोलले, कोणी निषेध केला, कोणाचा निषेध पुरेसा तीव्र नव्हता, याची चर्चा पुढे कितीतरी दिवस चालू राहिली.

प्रत्येक राजकीय हिंसेनंतर असे दोन तपास सुरू होतात. एक कृत्याचा आणि दुसरा त्या कृत्यावर उमटलेल्या शब्दांचा. यातील दुसरा तपास पहिल्यावर कशी कुरघोडी करतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा या लेखाचा विषय आहे. माझ्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरावर १९६४ च्या वर्तन नियमांची बंधने असल्याने चालू प्रकरणांविषयी मी लिहिणार नाही. त्याची गरजही नाही, कारण इतिहासाने या विषयाची सामग्री भरपूर ठेवली आहे आणि तिचा एक तुकडा तर गिंडीतच आहे.

राजभवनापासून जवळच गांधी मंडप आहे. त्याच्या आवारात एक दगडी तेलघाणा जतन केलेला आहे. व. उ. चिदंबरम पिळ्ळे यांना कोइमतूरच्या तुरुंगात बैलाऐवजी जुंपून जो घाणा ओढायला लावला, तो हा. पिळ्ळे हे तुतिकोरिनचे वकील, टिळकांना राजकीय गुरू मानणारे. १९०६ साली त्यांनी दहा लाख रुपये भांडवलाची, पंचवीस रुपयांच्या चाळीस हजार भागांची स्वदेशी आगबोट कंपनी काढली आणि तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर इंग्रज कंपनीशी स्पर्धा सुरू केली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांची ही बाजू अधिक मोहवते. परंतु त्यांना शिक्षा झाली ती भाषणांच्या प्रकरणात.

मार्च १९०८ मध्ये बिपिनचंद्र पाल यांच्या सुटकेच्या स्वागतासाठी सभा झाल्या. १२ मार्चला पिळ्ळे आणि त्यांचे सहकारी सुब्रह्मण्य शिव यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेलीत दंगल उसळली, सरकारी इमारती जाळल्या गेल्या आणि गोळीबारात चार माणसे मेली. येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी भाषण, मग अटक, मग दंगल. न्यायालयात मात्र अटकेनंतरच्या दंगलीची छाया आधीच्या भाषणावर पडली. ७ जुलै १९०८ रोजी न्यायाधीश पिन्हे यांनी शिव यांना दहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पिळ्ळे यांना राजद्रोहाबद्दल एक आणि शिव यांना साहाय्य केल्याबद्दल दुसरी, अशा दोन जन्मठेपा सुनावल्या. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने शिक्षा सहा वर्षांवर आणली. डिसेंबर १९१२ मध्ये पिळ्ळे सुटले तेव्हा कंपनी बुडालेली होती आणि वकिलीची सनद गेलेली होती.

त्याच जुलै महिन्यात मुंबईत लोकमान्य टिळकांचा खटला चालला. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या बॉम्बने दोन निरपराध स्त्रियांचा बळी घेतला. टिळकांनी ‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख लिहिले. बॉम्ब हे दुर्दैव खरे, परंतु त्याचे मूळ सरकारच्या हट्टी धोरणात आहे आणि नुसत्या दडपशाहीच्या कायद्यांनी ते उपटले जाणार नाही, असा त्यांचा प्रतिपाद्य विषय होता. म्हणजे हे लेख हिंसेवरची प्रतिक्रिया होते. घराच्या झडतीत स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले, तेही पुरावा म्हणून मांडले गेले. नव्या स्फोटक कायद्यावर टीका करण्यासाठी त्या विषयाची माहिती हवी होती, असा टिळकांचा खुलासा होता. सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मताने ते दोषी ठरले आणि २२ जुलैला न्या. दावर यांनी त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवले. लष्कराच्या गोळ्यांनी त्यांतले काही जण मेले.

प्रशासन असे का वागते? केवळ दुष्टपणा हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. मला याचे कारण शोधाच्या खर्चात दिसते आणि त्यासाठी अकरा वर्षे मागे जाऊन पुण्याचे उदाहरण पाहावे लागेल. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी कोण, हे कोणालाच कळेना. सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले. इकडे सरकारवर दडपण वाढत होते. २७ जुलैला टिळकांना अटक झाली, नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीशिवाय स्थानबद्ध केले गेले. १४ सप्टेंबरला टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. दामोदर चापेकरांचा कबुलीजबाब ऑक्टोबरमधला आहे. म्हणजे गोळी झाडणारा सापडण्यापूर्वीच लेख लिहिणारा तुरुंगात जाऊन बसला होता.

सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल की, संपादकाचा पत्ता वर्तमानपत्रावरच छापलेला असतो, मारेकऱ्याचा पत्ता कोठेही छापलेला नसतो. एकाला पकडण्याचा खर्च जवळजवळ शून्य, दुसऱ्याला पकडण्याचा फार मोठा. वरून विचारणा होत असते की आपण काय कारवाई केली? अशा वेळी अटकांची संख्या हाच कामाचा हिशेब होऊन बसतो आणि स्वस्त अटक महाग तपासाची जागा घेते. आज पडद्यावरच्या एका ओळीचे छायाचित्र काढून पोलीस ठाण्यात देणे याहून अधिक स्वस्त आहे. तपास अधिकाऱ्याचा वेळ मात्र पूर्वीइतकाच दुर्मिळ राहिला आहे. २१ मे १९९१ रोजी येथून फार लांब नसलेल्या श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्या कटाचा पहिला ठोस धागा मिळाला तो स्फोटात मेलेल्या एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातील फितीतून. कोण काय म्हणाले, याच्या नोंदींतून तो मिळाला नव्हता.

शब्दांना दिलेल्या जबर शिक्षेने हिंसा थांबली का? जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे याने खून केला. बाबारावांचा खटला वरच्या न्यायालयाकडे पाठवणारे अधिकारी जॅक्सन होते. १७ जून १९११ रोजी मणियाची स्थानकावर कलेक्टर ॲश यांना वांचीनाथन याने गोळी घातली. १९०८ साली ॲश तुतिकोरिनला होते आणि स्वदेशी कंपनीच्या दडपणुकीशी त्यांचे नाव लोकांच्या मनात जोडलेले होते. एकामागून एक घडले म्हणून एकामुळेच दुसरे घडले, असे मी म्हणणार नाही. हत्येचे समर्थन तर मुळीच करणार नाही. परंतु शिक्षांनी धाक बसला, हा दावा या तारखांसमोर टिकत नाही, एवढे निश्चित. भारतमंत्री मोर्ले यांनी तिरुनेलवेलीच्या शिक्षांविषयी व्हाइसरॉय मिंटो यांना तेव्हाच नापसंती कळवली होती. अतिरेकी कठोरता सुव्यवस्थेकडे नेत नाही, ती बॉम्बकडे नेते, असे त्यांचे मत होते. हे मत कोणा आंदोलकाचे नसून लंडनमधील सत्ताधाऱ्याचे आहे.

आता दुसरी बाजू. शब्दांकडे सरकारने पाहूच नये, असा निष्कर्ष कोणी यातून काढला तर तो चुकीचा ठरेल. ज्यांच्या नावाने गिंडीत मंडप उभा आहे त्या महात्म्याची ३० जानेवारी १९४८ रोजी हत्या झाली. मारेकरी मराठी ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत घरे पेटली. अमुक ठिकाणी पेढे वाटले, अशा बातम्या आणि अफवा गावोगाव फिरत होत्या. क्वचित कोठे तसे घडलेही असेल, पण जाळली गेली ती बहुतेक अशा लोकांची घरे, ज्यांनी काहीच वाटले नव्हते आणि काहीच म्हटले नव्हते. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर जमावाच्या दगडफेकीत गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी वारले. त्या वर्षीचे ‘जळीत’ दक्षिण महाराष्ट्रातील अनेक घराण्यांच्या स्मरणात पिढ्यानपिढ्या राहिले आहे. येथे शब्दांचा तपास सरकारने केला नाही, तो जमावाने केला. पुरावा म्हणून अफवा होती आणि शिक्षा तत्काळ होती.

अलीकडचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. तेव्हा शब्द माणूस मारू शकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कोणते शब्द, हे ओळखता आले पाहिजे. टिळकांचा अग्रलेख वाचून कोणी दगड हाती घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेले नाही. राईनपाड्याच्या अफवेने मात्र डोळ्यांसमोरच्या माणसाकडे बोट दाखवले होते.

हा भेद करायला आपल्या कायद्याला बराच काळ लागला. १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा राजद्रोहाचा अर्थ लावला होता. स्वतंत्र भारतात १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याची प्रवृत्ती असेल तरच राजद्रोह, असे बंधन घातले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या करून माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. त्यामागे आपल्याच पालघरचे प्रकरण होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद कशासाठी, असा प्रश्न एका तरुणीने फेसबुकवर विचारला आणि दुसरीने त्याला पसंती दर्शवली. जमावाने पहिलीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला, आणि पोलिसांनी अटक केली ती या दोघींना. पुढे खटला बंद झाला आणि संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले. परंतु कलम रद्द झाल्यावरही अनेक ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते, आणि ते थांबवण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात राजद्रोहाचे कलम स्थगित झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही, कलम १५२ आहे. शब्द बदलला म्हणून सवय बदलते असे नाही, हे ६६-अ च्या अनुभवाने शिकवले आहे.

तेव्हा प्रश्न उरतो तो ठाण्यावरच्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचा. राजकीय हत्येनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत त्याच्या टेबलावर तक्रारींचा ढीग येतो. अमक्याने आनंद व्यक्त केला, तमक्याने खेद व्यक्त केला नाही. कोणाच्या मरणावर आनंद मानणे हीन आहेच. पण हीन असणे आणि गुन्हा असणे यांत अंतर आहे, आणि ते राखण्यासाठीच त्या अधिकाऱ्याला पगार मिळतो. माझ्या मते त्याने प्रत्येक तक्रारीला तीन प्रश्न विचारावेत. या शब्दांनी एखाद्या विशिष्ट व्यक्तीकडे किंवा वस्तीकडे बोट दाखवले आहे काय? ते ऐकून लोक शांतपणे विचार करण्याआधीच हिंसा करतील, अशी परिस्थिती आहे काय? आणि अटक टाळून, केवळ संरक्षण देऊन किंवा खरी माहिती वेळेवर जाहीर करून तो धोका टळेल काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’ असेल तर विलंब न लावता कारवाई करावी. अन्यथा तक्रार नोंदीला ठेवून हाताशी असलेले मनुष्यबळ दोन कामांना लावावे. काही माणसे कृत्याच्या तपासाला द्यावीत. उरलेल्यांतला पहिला शिपाई त्या घराच्या दाराशी उभा करावा, ज्या घराच्या दिशेने जमाव निघाला आहे. घरातल्या माणसाने काय लिहिले होते, हे नंतर सवडीने वाचता येईल.