घाट कोणी फोडला, पदवी कोणाला मिळाली?

अभियांत्रिकीत दलितांना जागा दिल्या की गुणवत्ता घसरते, हा आक्षेप आपल्याला नवा नाही. त्याला उत्तर देताना आपणही टक्केवारीच्या हिशोबात अडकतो. माझ्या मते हा प्रश्न आधी इतिहासाचा आहे.

१८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसे हवी होती. त्याच दशकात भोर घाटात रेल्वेचे काम सुरू झाले आणि १८६३ साली तो मार्ग खुला झाला. तिथे दगड फोडणारे, माती वाहणारे हात कोणत्या थरातले होते, हे सांगायला नको. दगड, लोखंड, लाकूड यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या वडार, लोहार, सुतार यांच्याकडे होते. परंतु नव्या शिक्षणव्यवस्थेने कागदावरच्या ज्ञानाला अभियांत्रिकी म्हटले आणि हातातल्या ज्ञानाला कारागिरी. पदवी अक्षरओळखीची मिरासदारी असलेल्या जातींकडे गेली, कारागिराच्या मुलाच्या वाट्याला औद्योगिक शाळा आली. हाताने काम करणे ज्यांना कमीपणाचे वाटे, तेच त्या कामाच्या शास्त्राचे अधिकारी झाले!

अस्पृश्यांना तर कारागिरीचे दारही पुरते उघडे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी बरी मिळे. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. यंत्र आले की जात आपोआप जाईल, असे मानणाऱ्यांनी हा धोटा विसरू नये.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाजाचे फारसे भले होणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचे असल्याने खर्च सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. प्रवेश आणि पैसा त्यांनी वेगळे मानले नाहीत. १९४४ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या.

स्वातंत्र्यानंतर काय घडले? पहिली आय.आय.टी. १९५१ साली खरगपूरला निघाली. अनुसूचित जाती-जमातींसाठी तिथे जागा राखल्या गेल्या त्या १९७३ साली, म्हणजे बावीस वर्षांनी! त्यातल्याही अनेक जागा पुढे वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालये निघाली आणि देणगी देऊन जागा मिळू लागली. राखीव जागांनी गुणवत्ता बुडते म्हणणाऱ्यांना पैशाने घेतलेल्या जागेत गुणवत्ता बुडताना दिसली नाही.

२०२४ साली उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. ती परत मिळवायला त्याला सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले आणि न्यायालयाने ती दिली. परीक्षा तर तो उत्तीर्ण झालाच होता. मग नापास कोण झाले?

अभियांत्रिकीचा शिक्षक म्हणून मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. लेथवर सफाईने काम करणारा खेड्यातला मुलगा तोंडी परीक्षेत इंग्रजीत अडखळतो आणि त्याचे गुण जातात. त्याला येते, पण सांगता येत नाही. आमची गुणपत्रिका फक्त सांगण्याचे मोजते.

म्हणून केवळ जागांची मागणी पुरेशी नाही. शिष्यवृत्ती शुल्काच्या आधी हातात पडली पाहिजे, पहिल्या वर्षी विषय मातृभाषेतही समजावला गेला पाहिजे, हाताच्या कौशल्याला गुणांत खरे मोल मिळाले पाहिजे आणि शिकवणाऱ्यांतही आपली माणसे हवीत. ही दया नव्हे. घाट फोडणाऱ्यांच्या वारसांचे ते जुने, थकलेले देणे आहे, आणि ते वसूल करणे हे चळवळीचे काम आहे.